कपाटबाईची मधली पायरी

पाच शाळांच्या त्या संस्थेत तिला तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणत आणि पाठ वळली की 'कपाटबाई'. तिला ते ठाऊक होतं. कपाट आहे म्हणून कपाटबाई, यात खोटं काय, असं म्हणून ती पुढच्या कामाला लागायची.

तिचं काम पाचही शाळांचे कॉम्प्युटर चालते ठेवण्याचं. त्यात नवे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे कुठल्या कुठल्या कचेऱ्यांनी वापरून, दमवून, मग 'देणगी' या गोड नावाखाली शाळांच्या गळ्यात मारलेले. कुणाचा पंखा घरघरायचा, कुणाच्या पडद्यावर कायमची हिरवी रेघ. एक तर असा होता की चालू केल्यावर त्याच्या कुशीत टपली मारावी लागे, आणि ती मुख्याध्यापकांनी मारलेली त्याला चालत नसे. हिचीच लागे.

आता कपाटात काय होतं, ते सांगायला हवं. कॉम्प्युटर सुरू केला की त्याच्यात आधी जागी होते आणि बाकीच्यांना कामाला लावते, ती ऑपरेटिंग सिस्टीम. ती बसवणारी भली मोठी फाइल म्हणजे इन्स्टॉलर. कंपनी दर वर्षा-दोन वर्षांनी नवी सिस्टीम काढते आणि नवी आली की जुनीला ओळखसुद्धा दाखवत नाही. जग नव्याचं आहे, तक्रार नाही. पण म्हातारा कॉम्प्युटर तळमजल्यावरून एकदम गच्चीत उडी मारू शकत नाही. त्याला आधी मधल्या पायरीवर उभं करावं लागतं, श्वास घेऊ द्यावा लागतो आणि मग वर न्यावं लागतं. आणि नेमकी ती मधली पायरीच कंपनीनं काढून नेलेली असते. कपाटबाई त्या पायऱ्या जपायची. प्रत्येक इन्स्टॉलर एका डिस्कवर, डिस्क कागदी पाकिटात आणि पाकिटावर तिच्या गोल अक्षरात एक चिठ्ठी: कशाचा आहे, कुठल्या कॉम्प्युटरला चालतो, कधी ठेवला.

ही सवय तिला एका फजितीतून लागली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शाळेतले बारा कॉम्प्युटर वरच्या सिस्टीमवर न्यायचे होते. तिनं दोन दिवस खपून इन्स्टॉलर उतरवून घेतला, पहिल्या कॉम्प्युटरवर चालवला, सगळं झकास झालं. दुसऱ्याकडे वळली तर इन्स्टॉलर गायब. त्या कंपनीच्या इन्स्टॉलरची रीतच तशी होती, काम झालं की स्वतःला पुसून टाकायचं. पंगत वाढून झाली आणि वाढप्यानं पातेल्यासकट पोबारा केला, तशी तिची गत झाली. अकरा कॉम्प्युटर तोंडाकडे बघत बसलेले आणि संस्थेचे साहेब दारात. साहेब एवढंच म्हणाले, "एकच प्रत होती?" त्या दिवसापासून तिचा नियम ठरला. आधी प्रत, मग काम.

आणखी एक सवय होती, आणि तिला तर सगळेच हसत. प्रत्येक चिठ्ठीवर ती चौसष्ट अक्षरांचा एक लांबलचक आकडा हातानं लिहायची. हा आकडा कॉम्प्युटरच त्या फाइलवरून काढून देतो. फाइलमधलं एक टिंब जरी हललं तरी आकडा पार बदलतो. म्हणजे वर्षांनी फाइल बाहेर काढली आणि आकडा तोच आला, तर समजायचं की माल जसाच्या तसा आहे. "मग तो कॉम्प्युटरमध्येच का नाही ठेवत?" असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "चोराचं नाव चोराच्याच वहीत लिहून ठेवू?"

नऊ वर्षांपूर्वी कचेरीत, कपाट होतं त्या जिन्याखालच्या खोलीत नवं झेरॉक्सचं मशीन यायचं होतं. साहेबांनी कपाट हलवायला सांगितलं. कुठं हलवायचं ते त्यांनी सांगितलं नाही, पण 'कुठेही' हा शब्द ज्या सुरात म्हटला त्या सुरात भंगार हाच अर्थ होता. तिनं लेखी परवानगी घेतली, हातगाडी केली आणि कपाट घरी आणलं.

घर म्हणजे दोन मजल्यांची जुनी इमारत. तळाशी शिंप्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर दादा आणि वहिनी, दुसऱ्यावर ती. लग्न तिनं केलं नव्हतं. का, याचं उत्तर ती विचारणाऱ्याचं तोंड बघून बदलायची.

दादा लिलावघरात पुकारा करायचा. जुनी टेबलं, घड्याळं, पेट्या, आरसे, कुणाकुणाच्या घरातून उठलेलं सामान तिथं यायचं आणि दादा एका उंच पेटीवर उभा राहून ते लोकांच्या गळ्यात उतरवायचा. आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस दचकून हात वर करी आणि आरसा घेऊन घरी जाई. दादाला गप्प बसवणं ही कुणाच्या हातातली गोष्ट नव्हती. जेवताना ताटातल्या शेवटच्या घासाचासुद्धा तो लिलाव करायचा. वहिनी म्हणायच्या, "यांच्याशी संसार करायचा म्हणजे बाजारात घर बांधायचं."

पण धंद्यातली त्याची एक गोष्ट वेगळी होती. पुकारे तीन: एकवार, दोनवार, तीनवार. तिसरा झाला की हातोडी पडते आणि माल विकला जातो. मात्र तो तिसरा पुकार मालकाच्या हातात नाही, गिऱ्हाइकाच्याही नाही, पुकारणाऱ्याच्या हातात. एखाद्या चांगल्या वस्तूला लोक पडेल बोली लावू लागले की दादा 'एकवार' म्हणे, 'दोनवार' म्हणे, सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवी आणि हातोडी अलगद खाली ठेवून सांगे, "माल परत कपाटात." मालक कुरकुरत, गिऱ्हाइकं चिडत. दादा म्हणे, "वस्तूची किंमत न कळणाऱ्याला वस्तू देऊ नये. तिसरा पुकार माझा आहे."

तर हातगाडी दारात उभी राहिली, तेव्हा दादा जिन्यात होता. कपाट बघितल्यावर त्याच्या अंगात आलंच. पायरीवर उभा राहून त्यानं पुकारा सुरू केला. "बघा मंडळी, चार खणी कपाट! आत काय आहे ते जगात एकाच बाईला कळतं आणि ती सांगायला लागली की ऐकणारा झोपतो! बोला!" शिंपी दुकानातून बाहेर आला आणि म्हणाला, "एक मोडकी छत्री." "मोडकी छत्री एकवार! मोडकी छत्री दोनवार!" दादानं कपाटाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी पाकिटांची पेटी छातीशी धरून उभी होती. तो म्हणाला, "माल परत कपाटात. छत्री घेऊन जा रे, पाऊस आला तर तुलाच लागेल."

त्याच दुपारी, कपाट वर चढल्यावर, तिनं नुकताच उतरवून घेतलेला एक इन्स्टॉलर चिठ्ठी लिहून तिसऱ्या खणात ठेवला. त्याचं महत्त्व त्या वेळी तिलाही माहीत नव्हतं. आणखी एक पायरी, एवढंच.

तीन वर्षांनी दादाच्या पायांतलं बळ जाऊ लागलं. नसांचा आजार होता, उलटा न फिरणारा. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा खोलीत तिघंही होती. पुढं काय काय जाईल, कोणत्या क्रमानं जाईल, हे डॉक्टर हळू आवाजात सांगत होते. दादानं शेवटपर्यंत ऐकलं. पेटीवर चढणं थांबलं, मग जिनाही थांबला आणि ज्या दिवशी चाकाची खुर्ची घरात आली, त्या दिवशी खुर्चीत बसता बसता तो म्हणाला, "एकवार." वहिनी तडक स्वयंपाकघरात निघून गेल्या. ती मात्र तिथंच उभी राहिली, कारण कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

मग आवाज जड होऊ लागला. तेव्हा तिनं एक प्रोग्रॅम शोधून काढला. पडद्यावर चौकोनच चौकोन, प्रत्येक चौकोनात एक वाक्य आणि त्या वाक्याला स्वतःचा आवाज जोडायची सोय. चार महिने ती रोज संध्याकाळी माइक घेऊन खाली बसली. आवाज पूर्ण जायच्या आत दादा बोलत होता आणि ती साठवत होती. 'पाणी दे', 'उशी वर कर', 'दिवा घालव' ही कामाची वाक्यं दोन दिवसांत संपली. बाकीचे दिवस दादाचं खरं बोलणं भरण्यात गेले. 'ठके, चहा टाक, आणि पातळ नको.' ठकी म्हणजे ती. 'बाईसाहेब, गिऱ्हाईक ताटकळतंय.' बाईसाहेब म्हणजे वहिनी. डॉक्टरांसाठी एक पान होतं, शिंप्यासाठी एक आणि न आवडणाऱ्या पाहुण्यांसाठी चक्क दोन. शेवटची काही पानं दादानं वहिनींना घेऊन भरली. तिला त्या संध्याकाळी शाळेत परीक्षेचे निकाल छापायचे होते. सगळे मिळून चारशे बारा चौकोन झाले. बॅकअपच्या डिस्कवर तिनं चिठ्ठी लावली: दादाचा आवाज, ४१२.

आणि मग एके दिवशी सकाळी दादाच्या तोंडून शब्द आलाच नाही. अंगठा मात्र हलत होता. अंगठ्याखाली एक गोल बटण होतं, वहिनींनी त्याला मऊ कापड शिवलं होतं. पडद्यावरचा उजेड एकेका चौकोनावरून सरकत जाई आणि हव्या त्या चौकोनावर आला की दादा अंगठा दाबी. त्या दिवशी उजेड बराच वेळ फिरत राहिला. मग दादाच्याच खणखणीत आवाजात कॉम्प्युटर म्हणाला, "दोनवार." या वेळी वहिनी कुठंही गेल्या नाहीत. त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात टेकला आणि तशाच उभ्या राहिल्या.

पाच वर्षं हे चाललं. लोकांना वाटेल, आवाज गेला म्हणजे घर शांत झालं असेल. कसलं! उजेड सरकेपर्यंत उशीर होई, म्हणून दादाचे टोमणे प्रसंगानंतर अर्ध्या मिनिटानं येत आणि त्यामुळे जास्तच लागत. शिंपी जिन्यावरून खाली पोहोचलेला असे आणि वरून आवाज येई, "मोडकी छत्री घेऊन ये."

कपाटबाईची चूक इथंच झाली, आणि ती तिच्या जातीच्या माणसाकडूनच होऊ शकते. दादाचा कॉम्प्युटर जुना होता, त्यावरची सिस्टीम त्याहून जुनी. मधल्या काळात बोलणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. जुने चौकोन उघडून पुढच्या कॉम्प्युटरांना कळतील अशा रूपात ही आवृत्ती ठेवून देत असे. पण ती मधल्या सिस्टीमवरच चाले, जुनीवर नाही आणि आजच्या अगदी नव्या सिस्टीमवरही नाही. तिनं ती आवृत्ती उतरवून घेतली, चिठ्ठी लिहून तिसऱ्या खणात मधल्या सिस्टीमच्या इन्स्टॉलरशेजारी ठेवली. एका रविवारी दादाचा कॉम्प्युटर वर चढवायचा, असं ठरवलं. मग तो रविवार पुढं ढकलला. दुरुस्ती करणाऱ्यांत एक म्हण आहे, चालत्याला हात लावू नये. पाचशे कॉम्प्युटरांना बेधडक हात लावणारी ही बाई या एकाला हात लावायला घाबरत होती. वर चढवताना मध्येच काही बिनसलं तर? पायऱ्या कपाटात तयार होत्या आणि ती तीन वर्षं तळमजल्यावरच उभी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग एका बुधवारी कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. आतलं मुख्य बोर्ड जळालं होतं. तसं बोर्ड आता कुठं मिळत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं नवा कॉम्प्युटर आणला, नवा प्रोग्रॅम घातला. त्याला दादाचे जुने चौकोन उघडेनात, पण त्यात तयार आवाज होता, तयार वाक्यं होती. निदान सध्यापुरतं, असं म्हणून तिनं बटण दादाच्या अंगठ्याखाली ठेवलं. उजेड सरकला, अंगठा दाबला गेला आणि कुणातरी परक्या, इस्त्री केलेल्या आवाजात कॉम्प्युटर म्हणाला, "कृपया मला थोडे पाणी देता का?"

दादानं आयुष्यात कुणाला 'कृपया' म्हटलं नव्हतं. त्यानं डोळे मिटून घेतले आणि त्यानंतर बटणाला अंगठा लावला नाही.

घर खरोखरच गप्प झालं. वहिनी कागदावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत आणि दादा हव्या त्या अक्षरावर पापणी मिटे. पाणी, उशी, खिडकी. शनिवारी ती शाळेतून आली तेव्हा वहिनी जिन्यातच भेटल्या.

"वन्सं, एक सांगू? हे पाणी मागतात, मी देते. पण तीन दिवसांत यांनी मला एकदाही चिडवलं नाही." त्या थांबल्या. "मला वाटलं होतं, आवाज गेला तेव्हा गेला. तो आत्ता गेलाय."

चूक तिची होती. ती तशीच वर गेली आणि तिसरा खण उघडला.

शाळेच्या भंगारखोलीत दादाच्या कॉम्प्युटरच्याच पिढीचा एक होता. तोच टपलीवाला. साहेबांना फोन करून तिनं तो मागून घेतला. रविवारी सकाळी दादाच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर तो मांडला. बेत सरळ होता. याला मधल्या सिस्टीमवर चढवायचं, त्यावर मधली आवृत्ती घालायची, दादाचे चौकोन उघडायचे, नव्या रूपात बाहेर काढायचे आणि नव्या कॉम्प्युटरवर न्यायचे. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. खुर्चीतून दादाला तिची पाठ दिसत होती.

आधी प्रत, मग काम. डिस्कवरून तिनं इन्स्टॉलरची प्रत काढली आणि ती चालवली. पडद्यावर एक ओळ आली: ही प्रत खराब झाली आहे, ती काढून टाकावी.

तिनं दुसरी प्रत काढली. तीच ओळ आली. मूळ डिस्कवरून थेट चालवला, तरी तीच ओळ. नऊ वर्षं पाकिटात, अंधारात, ओलीपासून दूर ठेवलेला इन्स्टॉलर, आणि कॉम्प्युटर म्हणतो काढून टाका. सगळे हसत होते ते बरोबरच होतं की काय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तिला दादाकडे वळून बघवेना.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"खराब झालाय म्हणतोय."

"झालाय का?"

प्रश्न साधा होता. पण तो ऐकून ती सरळ बसली. कॉम्प्युटर म्हणतोय हे खरं, पण झालाय का? तिनं पाकिटावरची चिठ्ठी वहिनींच्या हातात दिली. "हा आकडा वाचा. एकेक अक्षर. सावकाश."

वहिनींनी चष्मा लावला. आजवर त्या या चिठ्ठ्यांना 'वन्संची स्तोत्रं' म्हणत आल्या होत्या. आज त्या शाळेत पाढे म्हणावेत तशा खणखणीत वाचू लागल्या. "सात. तीन. एफ. शून्य. शून्य. बी." पडद्यावर त्याच फाइलचा आजचा आकडा होता आणि ती बोट ठेवून एकेक अक्षर ताडून बघत होती. चाळिसाव्या अक्षराला वहिनींनी चष्मा सारखा केला. चौसष्टावं अक्षर नऊ होतं. पडद्यावरही नऊ होतं.

"जुळला," ती म्हणाली. "एक टिंब हललेलं नाही. हा खोटं बोलतोय."

"कॉम्प्युटर खोटं बोलतो?"

"बोलतो. कारण नीट सांगता आलं नाही की बोलतो."

आता तिचं डोकं चालायला लागलं. फाइल चांगली आहे, तरी दारात अडवली जातेय. प्रत्येक इन्स्टॉलरवर कंपनीची सही असते, कॉम्प्युटर ती तपासूनच फाइलला आत घेतो. आणि त्या सहीला मुदत असते. मुदत मध्येच कधीतरी संपली होती. माल ताजा होता, पास शिळा झाला होता, आणि दारवान मालच नासला म्हणून ओरडत होता. त्याला पटवायचा उपाय एकच, पास ताजा होता तेव्हाची तारीख आज आहे असं त्याला सांगायचं.

तिनं घड्याळाची खिडकी उघडली. तारीख कोणती घालायची? चिठ्ठीवर होतीच, तिच्याच गोल अक्षरातली. तिनं वर्ष मागे घेतलं, महिना घातला, दिवस घातला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. कपाट घरी आलं तो हा दिवस. दादा जिन्यात दोन पायांवर उभा होता, हातगाडीवाला घाम पुसत होता आणि शिंपी मोडकी छत्री बोलत होता.

कॉम्प्युटरनं तारीख मान्य केली. एवढ्या सहज मान्य केली की तिला त्याचा हेवा वाटला. क्षणभर तिला वाटलं, आपण वळून पाहिलं तर दादा खुर्चीतून उठून काहीतरी म्हणेल. तिनं वळून पाहिलं. तो खुर्चीतच होता, तिच्याकडेच बघत होता.

इन्स्टॉलर मुकाट्यानं आत शिरला. पाऊण तास पांढरी रेघ पुढं सरकत होती. मध्ये एकदा ती अडली, तेव्हा तिनं सवयीनं कॉम्प्युटरच्या कुशीत टपली मारली. टपलीचा आणि रेघेचा काही संबंध नव्हता, पण रेघ पुढं सरकली. मधली सिस्टीम उघडली. मधली आवृत्ती बसली. मग तिनं घड्याळ पुन्हा आजच्या तारखेवर आणलं. त्या शेवटच्या बटणावर तिचं बोट जरा जास्त वेळ राहिलं. नऊ वर्षं परत पुढं लोटायची म्हणजे पाय जाऊ द्यायचे, आवाज जाऊ द्यायचा. तिनं बटण दाबलं. आजचं काम आज होतं.

बॅकअपच्या डिस्कवरून दादाची फाइल उघडली. चौकोन एकामागून एक भरत गेले. तिनं सापडेल तो पहिला दाबला.

"ठके, चहा टाक, आणि पातळ नको!"

घर दणाणलं. वहिनींच्या हातातला पेला टेबलावर आपटला. खाली शिंप्याचं मशीन थांबलं. आत दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात नव्हता. वहिनी धावत गेल्या, पदरानं पुसता पुसता स्वतःच रडू लागल्या. ती मात्र रडली नाही. तिला अजून पुढची पायरी चढायची होती.

नव्या कॉम्प्युटरवर सगळं न्यायला आणखी तासभर लागला. मग तिनं मोजणी केली. चारशे बारा. जुळलं. पण तिच्या स्वभावाला नुसती मोजणी पुरणार नव्हती, तिनं प्रत्येक चौकोन एकदा बोलवून पाहिला. शेवटून दुसरं पान लिलावाचं होतं. 'बोला मंडळी.' 'एकवार.' 'दोनवार.' पुढचा चौकोन दाबला. आवाज आला नाही.

पुन्हा दाबला. चौकोन होता, पण आत काही नव्हतं. चढताना एक आवाज सांडला होता. तिनं मागं जाऊन फाइल पुन्हा रूपांतरित केली, पुन्हा आणली. चौकोन रिकामाच. तिसऱ्यांदा केलं, तरी रिकामाच. नेमका हाच कसा गेला? दादाचा तिसरा पुकार, शेवटची रांग जागी करणारा. आणि आता तो पुन्हा भरायला जगात आवाज नव्हता.

ती उठली आणि आत गेली. वहिनी दादाच्या अंगठ्याखालचं कापड सारखं करत होत्या. नवा पडदा समोर होता, उजेड चौकोनांवरून सरकत होता.

"दादा," ती म्हणाली, "सगळं आलं. पण एक हरवलं माझ्याकडून." "तिसरा पुकार. तीनवार. तो गेला. मी तीनदा करून बघितलं. आधी केलं असतं, तीन वर्षांपूर्वीच, तर कदाचित…"

वहिनींनी मान वर केली. "कुठला तीनवार?"

"लिलावाच्या पानावरचा. दोनवारच्या पुढचा."

"तो नव्हताच, वन्सं." वहिनींनी दादाकडे एकदा पाहिलं. "ते पान आम्ही दोघांनी केलं, तुम्ही निकाल छापत होतात ना, तेव्हा. मी म्हटलं, अहो, तीनवार म्हणा आता. म्हणाले, नाही. म्हटलं, मग चौकोन काढून टाकू? तर म्हणाले, चौकोन असू दे. मोकळा."

ती दादाकडे बघत राहिली. पडद्यावर उजेड एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला, थांबत थांबत, ओळीओळीनं खाली आला. घाई कुणालाच नव्हती. उजेड 'एकवार'वरून गेला. 'दोनवार'वरून गेला. मोकळ्या चौकोनावर क्षणभर थांबला, आणि अंगठा हलला नाही. उजेड पुढच्या चौकोनावर सरकला तेव्हा अंगठा दाबला गेला.

"माल परत कपाटात," दादा म्हणाला.

आता मात्र ती रडली, खुर्चीशेजारी जमिनीवर बसून, त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, चांगली हुंदके देऊन. अर्ध्या मिनिटानं डोक्यावरून आवाज आला, "ठके, चहा टाक, आणि पातळ नको!" आणि वहिनी म्हणाल्या, "बसा तुम्ही, मी टाकते."

चहा घेऊन झाल्यावर ती वर गेली. दादाच्या नव्या फाइलच्या दोन प्रती तिनं दोन डिस्कवर ठेवल्या. टपलीवाल्या कॉम्प्युटरसाठी कपाटाच्या तळाशी जागा केली, कारण मधल्या पायरीवर उभा असलेला एक कॉम्प्युटर आता तिच्याजवळ होता आणि तो भंगारात जाणार नव्हता. मग तिनं नव्या चिठ्ठीवर तारीख घातली, चौसष्ट अक्षरांचा आकडा लिहिला, एकदा ताडून पाहिला आणि खाली लिहिलं: दादाचा आवाज. चौकोन ४१२. एक रिकामा आहे, तो रिकामाच ठेवणे.